वाशीचे नाना आणि माई : कोणी काय केले ते नेमके लिहून ठेवण्यासाठी

खाडीपलीकडे

वाशीच्या जुन्या वसाहतीत राहिलेल्यांना नाना आणि माई एवढे म्हटले तरी पुरेसे आहे. कुटुंबीयांची इच्छा असल्याने त्याहून अधिक ओळख येथे देत नाही आणि इतरांनीही देऊ नये, ही विनंती. माई गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गेल्या, नाना यंदा दिवाळीनंतर. संसार पन्नास वर्षांहून मोठा, आणि त्यातला बहुतेक काळ एकाच वन रूम किचनमध्ये गेलेला.

नानांच्या शोकसभेत बरेच जण बोलले. जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्याचा सारांश असा होता, की नानांनी आयुष्यभर लोकांची कामे केली आणि माईंनी घर सांभाळून त्यांना मोलाची साथ दिली. बोलणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला यत्किंचितही शंका नाही. परंतु मी त्यांच्या समोरच्या दारात वाढलो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे या वसाहतीला त्या घरातून जे मिळाले त्यातील निम्म्याहून अधिक माईंच्या हातचे होते. नानांना लोकांसाठी वेळ काढता आला, तोही बऱ्याच अंशी माईंच्या कमाईमुळे. हे केवळ मला वाटते म्हणून लिहून उपयोग नाही. ज्यांनी जे प्रत्यक्ष पाहिले ते त्यांनी तपशिलाने लिहावे, यासाठी हा धागा.

सुरुवात मीच करतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० मधली, ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ मधला, आणि रेल्वे वाशीला पोहोचली ती मे १९९२ मध्ये. मधल्या जवळजवळ दोन दशकांत येथे राहून मुंबईत नोकरी करणाऱ्यांची सारी भिस्त पुलावरून जाणाऱ्या बसवर होती. लालबाग-परळच्या चाळी सोडून आलेल्या कुटुंबांना येथे स्वतःचे दार मिळाले, पण चाळीतली आजी, आत्या आणि शेजारची काकू तिकडेच राहिली. फोर्ट किंवा दादरला नोकरी करणारी आई सकाळी सातला घर सोडायची आणि परतायला तिला संध्याकाळचे साडेसात-आठ व्हायचे. तोवर मूल कोठे ठेवायचे, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा होता. माईंचे पाळणाघर या गरजेतून उभे राहिले. आमच्याच जिन्यातील एका शिक्षिकेचे मूल सांभाळण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे एका वेळी बारा-पंधरा मुले त्या घरात असत.

माईंची एक लांबट वही होती. प्रत्येक मुलासाठी एक पान, आणि त्यावर मुलाचा रक्तगट, कोणते औषध सोसत नाही, आईच्या कार्यालयाचा दूरध्वनी, जेवणात काय टाकतो आणि संध्याकाळी त्याला न्यायला कोण कोण येऊ शकते त्यांची नावे. या शेवटच्या यादीत नाव नसलेल्या माणसाच्या हाती माई मूल देत नसत, मग तो सख्खा मामा का असेना. त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या, पण त्यांच्या वहीतील अक्षर आणि रेघा आमच्या शाळेच्या दप्तरातही क्वचितच सापडल्या असत्या.

नानांचे काम सर्वांना ठाऊक असल्याने मी थोडक्यात लिहितो. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली आमच्या रहिवासी संघटनेचे दप्तर त्यांनी उभे केले, घर नावावर करण्याची कागदपत्रे लोकांना समजावून सांगितली, आणि भरलेला अर्ज शेवटच्या टेबलापर्यंत पोहोचला की नाही याचा पाठपुरावा केला.

तिसरी पाळी

मी नानांबरोबर ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका रासायनिक कारखान्यात नोकरीला होतो, म्हणून कारखान्याकडील बाजू लिहितो.

आमच्या पाळ्या आठवड्याने बदलत. तिसरी पाळी कोणालाच नको असे, पण नाना ती इतरांकडून मागून घेत. रात्री अकरा ते सकाळी सात काम केले, की कार्यालये उघडी असताना माणूस मोकळा राहतो, हे त्यामागचे साधे गणित होते. झोप कधी घेत ते वहिनींनाच, म्हणजे माईंनाच, माहीत. पंधरा मुलांच्या घरात दिवसा झोपणे शक्य नसल्याने वहिनींनी गच्चीच्या जिन्याखालची जागा स्वच्छ करून घेतली होती आणि तेथे सतरंजी टाकून नाना दुपारी दोन-तीन तास पडत.

कारखान्यातील कामगार सेवेत असताना वारला, की त्याच्या घरी काय काय मिळू शकते हे बहुतेकांना माहीत नसे. १९९५ ची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आल्यानंतर तर गोंधळ अधिकच होता. सभासदाची एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी सेवेत मृत्यू आल्यास विधवेला निवृत्तिवेतन मिळते, आणि पंचवीस वर्षांखालील दोन मुलांनाही त्याशिवाय रक्कम मिळते, हे आम्हा सहकाऱ्यांना नानांकडून कळले. त्यासाठीचा १०-डी क्रमांकाचा अर्ज ते अशा तन्मयतेने भरत, की पाहणाऱ्याला ते पोथी वाचत आहेत असे वाटावे. अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी. लग्नाआधीचे नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचे नाव रेशनकार्डावर आणि पासबुकात तिसराच प्रकार. हे तिन्ही एकाच बाईचे आहेत हे सिद्ध करण्यात महिने जात.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण शोकसभेत ती कोणी सांगितली नाही. अशा घरी पहिल्या भेटीला नाना कधीही जात नसत, वहिनी जात. दहा-पंधरा दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईकडे परक्या पुरुषाने जाऊन विम्याचे आणि पासबुकाचे विचारायचे नाही, एवढा एकच भाग त्यात नव्हता. सासरचे सगळे बसलेले असताना ती बाई काही बोलणारच नाही, हे वहिनींना ठाऊक होते. त्या मागच्या दाराने स्वयंपाकघरात जात, भांडी घासू लागत, आणि तास-दीड तासाने बाहेर येत तेव्हा घरात किती कर्ज आहे, पासबुक कोणत्या दिराच्या ताब्यात आहे, दागिने कोठे गहाण आहेत आणि तिला माहेरी जायचे आहे की नाही, हे सारे त्यांना कळलेले असे. नानांचा अर्ज त्यानंतर सुरू होई.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमचा कारखाना बंद पडला. आमची देणी हातात पडायला काही वर्षे गेली. आमच्यापैकी कोणी वॉचमन झाला, कोणी गावी गेला. नाना तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते आणि पुढील काळात त्यांनी पगाराची नोकरी धरली नाही. लोकांचे काम मात्र पूर्वीपेक्षा वाढले. त्या वर्षांत ते घर पाळणाघरावर चालले, मुलांची शिक्षणे पाळणाघरावर झाली. नानांनी हे माझ्यापाशी अनेकदा बोलून दाखवले आहे आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. सभेत हे कोणी बोलले नाही याचे कारण, मला वाटते, बोलणाऱ्यांनाच त्यात नानांचा कमीपणा वाटला.

उंबरठा

धागालेखकाच्या हेतूबद्दल आदर राखून वेगळे मत मांडतो. नवरा-बायकोच्या कामाची अशी निम्मे-निम्मे वाटणी करणे मला रुचत नाही. ती दोघे असती तर त्यांनाही रुचले नसते. नानांचे ते माईंचे आणि माईंचे ते नानांचे, अशीच त्या पिढीची समजूत होती. गेलेल्या माणसांच्या पश्चात आपण त्यांच्यात हिशेब का मांडावा?

खाडीपलीकडे

उंबरठा, आपला आक्षेप समजतो. पण हिशेब आधीच मांडला गेला आहे. शोकसभेतील फलकावर 'समाजसेवक' हा शब्द एकाच नावापुढे होता. नानांकडून काहीही काढून घेण्याचा माझा विचार नाही. तिसरी पाळी यांनी जे लिहिले ते नानांनीच त्यांना सांगितले होते, याकडे लक्ष वेधतो.

कोळंबीचा बांध

मी वाशीच्या जुहूगावचा, आगरी समाजातला. वसाहतीतील माणसे आणि गावठाणातील माणसे यांच्यात त्या काळी फारसे येणे-जाणे नव्हते, हे लिहायला संकोच वाटण्याचे कारण नाही. नव्या मुंबईसाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन घेतली गेली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. ज्यांच्या शेतावर वसाहत उभी राहिली आणि जे त्या वसाहतीत राहायला आले, त्यांनी एकमेकांच्या घरी चहाला जावे अशी ती हवा नव्हती.

नाना आमच्याकडे प्रथम आले ते एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या कागदांसाठी. पुढे जमीन गेलेल्यांसाठीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या योजनेत अर्ज करताना मूळ खातेदाराची वंशावळ लागू लागली, तेव्हा आमच्या आळीतील निम्म्या घरांचे कागद त्यांच्याकडे गेले. आजोबांच्या नावावर जमीन, आजोबा गेलेले, त्यांच्या सहा मुलांपैकी दोन गेलेले, कोणाचा मृत्यूचा दाखला नाही, कोणाचे नाव सातबारावर एक आणि तोंडी दुसरेच. नाना पाटीवर झाड काढून दाखवत.

माईंचा भाग असा, की त्या झाडात बहिणी आहेत की नाहीत हे त्या पाहत. आमच्याकडे तेव्हा पद्धत अशी, की बहिणींकडून हक्कसोड घ्यायची, आणि तीही त्यांना पुरते न सांगता. वडिलांनी माझ्या दोन आत्यांचे कागद तयारच करून आणले होते. माईंनी एवढेच विचारले, की कागदावर काय आहे हे त्या दोघींना कोणी वाचून दाखवले आहे काय. मग त्या स्वतः एकीला भेटायला दिवाळे गावाला आणि दुसरीला घणसोलीला गेल्या. एका आत्याने हक्क सोडला, दुसरीने सोडला नाही. वडील वर्षभर माईंशी बोलले नाहीत. आज त्या दुसऱ्या आत्याची मुले आपल्या घरात राहतात, आणि तिच्या नातवाचे बारसे करायला माई होत्या.

ज्यांची कामे झाली त्यांनी पैसे देऊ केले तर नाना घेत नसत, म्हणून गावातील माणसे जिताडा मासा घेऊन जात. नाना माळकरी असल्याने तोही त्यांना चालत नसे, पण घरी आणलेली वस्तू परत पाठवणे माईंना रुचत नसे. जिताडा खालच्या मजल्यावरील कुटुंबाकडे जाई आणि त्या कुटुंबाने आमच्या गावाची फार स्तुती केली, असे ऐकिवात आहे.

दप्तरवाली

मी माईंच्या पाळणाघरात वाढले. आम्ही मुले त्यांना मावशी म्हणत असू.

२६ जुलै २००५ चा दिवस मी तेथे होते. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला तो हा दिवस. दुपारनंतर लोकल बंद पडल्या, दूरध्वनी लागेनासे झाले, आणि संध्याकाळी सहाला येणारे आमचे आईवडील रात्री नऊपर्यंतही आले नव्हते. पाळणाघरात आम्ही अकरा मुले होतो. सर्वांत लहान सात महिन्यांचे. मावशींनी सहा वाजताच तांदूळ निवडायला घेतले होते. म्हणजे रात्र काढावी लागणार, हे आम्हाला कोणी न सांगता त्यांनी ठरवले होते.

वीज गेली. नाना मेणबत्त्या आणि दुधाच्या पिशव्यांसाठी बाहेर पडले आणि बऱ्याच वेळाने गुडघ्यापर्यंत भिजलेले परत आले. तेवढ्यात आमच्या इमारतीतील एक गृहस्थ मला न्यायला आले. ते माझ्या बाबांचे मित्र, माझ्या चांगल्या ओळखीचे. त्यांच्या घरी कोरडे अंथरूण होते आणि त्यांचा हेतू निखळ चांगला होता. मावशींनी वही काढली, मेणबत्तीच्या उजेडात माझे पान पाहिले आणि त्यांचे नाव नसल्याने नकार दिला. ते गृहस्थ रागावले. अशा प्रसंगी कसली वही, असे ते म्हणाले. मावशींनी त्यांना आत बोलावले, गरम भात वाढला आणि मुलीजवळ येथेच बसा म्हणून सांगितले. ते बसले. रात्री एक वाजता नानांनी आणि त्यांनी मिळून आम्हाला भुताच्या गोष्टी सांगितल्या, ज्यांचा परिणाम उलट झाला.

माझी आई दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली. तिने सांगितलेले मला नेहमी आठवते, की रात्रभर ती कुर्ल्याला एका शाळेच्या वर्गात अडकलेली असताना तिला स्वतःची चिंता वाटत होती, माझी वाटत नव्हती.

शुल्काबद्दलही लिहायला हवे, कारण मावशी फुकट काम करीत अशी एक गोड समजूत सभेत पसरवली गेली. त्या शुल्क घेत आणि पाच तारखेनंतर आठवण करून देत. मात्र माझे बाबा नोकरीविना असताना आईने मला पाळणाघरातून काढायचे ठरवले, तेव्हा त्यांनी वहीत माझ्या पानावर 'नंतर' असे लिहून ठेवले आणि विषय संपवला. आईने ते पैसे पुढे हप्त्याने फेडले व मावशींनी ते मोजून घेतले. आईला हे मोजून घेणे फार आवडले होते.

पांढरा कोट

मी निवृत्त परिचारिका आहे. माईंच्या निधनाच्या वेळचा अनुभव लिहिते. तो इतरांच्या उपयोगाचाही आहे.

दोघांनीही नेत्रदानाची इच्छा घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवली होती. माई पहाटे घरीच गेल्या. नानांनी मुलीला दूरध्वनी केला, नंतर डॉक्टरांना, आणि तिसरा मला. मी पोहोचले तेव्हा त्यांनी पंखा बंद केलेला होता, माईंचे डोळे मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या होत्या आणि डोक्याखाली दोन उशा दिल्या होत्या. हे सर्व त्यांना माहीत होते, कारण वसाहतीतील इतर घरांत हेच त्यांनी आणि माईंनी मिळून केले होते. पंख्याच्या वाऱ्याने बुबुळ कोरडे पडते म्हणून तो बंद करायचा, आणि मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक पोहोचायला हवे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्मा असलेली किंवा मधुमेह असलेली व्यक्तीही नेत्रदान करू शकते. माईंना तिन्ही होते. आधी अर्ज भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हाताशी ठेवावा.

वसाहतीत नेत्रदानाचे बोलणे नाना सभांमधून करीत. पण प्रत्यक्ष प्रसंगी घरातील वृद्ध बायका, पुढच्या जन्मी आंधळे यायचे काय, असे म्हणून अडून बसत तेव्हा त्यांच्याशी बोलायला माईच लागत. त्या वाद घालत नसत. स्वतःच्या सासूबाईंचे नेत्रदान आपण केले आहे, एवढे सांगत आणि शेजारी बसून राहत.

उंबरठा

सासूबाईंच्या नेत्रदानाची गोष्ट मला माहीत नव्हती. वरील प्रतिसाद वाचून माझा आक्षेप काहीसा सैल झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. शोकसभेतील वक्ते अडाणी होते असा सूर लागू नये, एवढीच इच्छा आहे. ज्यांनी नानांना बाहेर पाहिले त्यांनी बाहेरचे सांगितले.

ओसरी

मी त्यांची मुलगी. धाग्याबद्दल मला एका मैत्रिणीने कळवले. दोन रात्री वाचून मग लिहायला बसले आहे.

प्रथम काही दुरुस्त्या. आई सातवीपर्यंत शिकली होती हे खरे, पण दहावीची परीक्षा तिने वयाच्या चाळिशीनंतर बाहेरून दिली आणि ती उत्तीर्ण झाली. गणितात तिला बाबांनी शिकवले आणि त्यावरून दोघांची रोज भांडणे होत. ती दोघे कधी भांडत नसत असे सभेत सांगितले गेले. ते ऐकून मी आणि माझा भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो.

सर्वांत मोठे भांडण जामिनाचे. बाबा गावाकडच्या एका माणसाला पतपेढीच्या कर्जासाठी जामीन राहिले. ऐंशीच्या दशकात कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईतून इकडे आला तेव्हा आमच्या सातारा भागातील पुष्कळ माणसे माथाडी कामाला येथे आली, आणि नव्याने आलेला प्रत्येक जण पहिले काही दिवस आमच्या घरी उतरे. त्यांतलाच हा एक. त्याने हप्ते थकवले आणि गाव गाठले. वसुली बाबांच्या पगारातून सुरू झाली आणि कारखाना बंद झाल्यावर आईच्या पाळणाघरातून. कित्येक वर्षे आम्ही ते कर्ज फेडले. आईने बाबांना त्यावरून टोमणा मारलेला मी ऐकला नाही, पण तिने एक नियम केला, की यापुढे तिला विचारल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करायची नाही. बाबांनी तो अखेरपर्यंत पाळला. रहिवासी संघटनेच्या पत्रावर सही करण्याआधीही ते म्हणत, वाचून सांगतो. पुष्कळांना ती त्यांची लकब वाटत असे.

आमच्याबद्दलही लिहिते, कारण ते लिहिले नाही तर हे सारे फार सोपे वाटेल. त्या घरात आम्हा दोघा भावंडांना अभ्यासाला कोपरा नव्हता. आजी आठ वर्षे अंथरुणाला खिळून होती आणि तिची खाट मुलांच्या पाळण्यांशेजारी होती. दोन काका आमच्याकडे राहून शिकले. माझ्या बारावीच्या वर्षी मी आईला विचारले होते, की इतरांच्या मुलांना तू जेवढा वेळ देतेस त्याच्या चौथा हिस्सा आम्हाला का देत नाहीस. तिने उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यापासून रात्री नऊ ते अकरा घराचे दार बंद राहू लागले, आणि बाबांची तिसरी पाळी नसेल त्या दिवशी येणाऱ्या माणसांना ते जिन्यात खुर्ची टाकून भेटत. हा बदल आईने बाबांशी बोलून घडवला, आम्हाला काही सांगितले नाही. माझ्या मनातील सर्व राग त्याने गेला असे म्हणणार नाही, पण बारावी मी त्या दोन तासांवर झाले.

शेवटच्या वर्षांत बाबांना नीट ऐकू येत नव्हते आणि आईला दिसायला कमी झाले होते. हयातीच्या दाखल्यासाठी वसाहतीतील वृद्धांना घेऊन जाणे त्यांनी तरीही सोडले नाही. आई विचारलेले ऐके आणि बाबांच्या कानाशी मोठ्याने सांगे, बाबा कागद वाचत. रांगेतील लोक आधी हसत, नंतर मदत करीत. आई गेल्यावर बाबा दोनदा एकटे गेले आणि मग गेले नाहीत.

बागेतील बाकाला किंवा चौकाला नाव देण्याचा प्रस्ताव काही जणांनी माझ्याकडे आणला होता. आम्हा भावंडांना तो नको आहे. बाबांचे अर्जांचे नमुने आणि आईच्या वह्या आमच्याकडे आहेत. वह्यांत इतरांच्या घरातील गोष्टी असल्याने त्या कोणालाही देता येणार नाहीत. अर्जांचे नमुने ज्यांना हवे असतील त्यांनी न्यावेत.

खाडीपलीकडे

ताई, आपण लिहिले त्याबद्दल कृतज्ञ आहे. दहावीची दुरुस्ती महत्त्वाची आहे. बाकाचा विषय येथेच थांबवू.

वसाहतीतील काही जणांशी बोलून असे ठरत आहे, की दर शनिवारी दुपारी संघटनेच्या खोलीत निवृत्तिवेतन, हयातीचा दाखला आणि वारसनोंदीचे अर्ज भरून देण्याचे काम पुढे चालू ठेवावे. आलेल्या माणसाचे मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत, झेरॉक्सवरच काम करायचे, हा नानांचा दंडक आहे तसाच राहील. अर्ज भरण्यासाठी चौघांनी नावे दिली आहेत, त्यांत तिसरी पाळीही आहेत. घरात मृत्यू झाल्यावर पहिल्या भेटीला जाण्याच्या कामासाठी, म्हणजे जे माई करीत त्यासाठी, आतापर्यंत एकच नाव आले आहे, दप्तरवाली यांचे. त्या नोकरी करतात, त्यामुळे त्यांना रविवारखेरीज जमणार नाही. आणखी दोघी-तिघी तरी हव्यात.

पांढरा कोट

माझे नाव लिहावे. मला सकाळी दहानंतर कोणताही दिवस चालेल.

तिसरी पाळी

माझी पत्नी तयार आहे. वहिनींबरोबर ती अशा घरी काही वेळा गेलेली आहे, हे मला काल रात्रीच कळले. तिची अट एवढीच आहे, की मी बरोबर यायचे नाही.